वृद्धांची मूर्च्छा : घरच्यांनी काय पाहावे, डॉक्टर काय तपासतात

महोत्सवी स्मरणिकेत वैद्यकाचा पाठ कशाला, अशी शंका एखाद्या वाचकाच्या मनात येईल. तिचे उत्तर आपल्या घराघरांत आहे. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांतील तरुण मंडळी नोकरीधंद्यानिमित्त इंदूर, पुणे, बंगळूर आणि त्याही पलीकडे गेली. लष्करच्या जुन्या घरांत मागे राहिली ती बहुधा सत्तरी ओलांडलेली माणसे. अशा घरातून एखाद्या दिवशी मुलाला फोन जातो, "अरे, सकाळी बाबांना चक्कर आला होता, पण आता बरे आहेत. चहा घेतला, पेपर वाचत बसलेत. तू काही धावपळ करू नकोस." बोलणारी आई खोटे सांगत नसते. बाबा खरोखरच बरे दिसत असतात. परंतु "पण आता बरे आहेत" हे चार शब्द फसवे आहेत, आणि ते का फसवे आहेत हे समजावून सांगणे एवढाच या लेखाचा हेतु आहे.

मूर्च्छा काही सेकंदांची असते. ती डॉक्टरला जवळजवळ कधीच पाहायला मिळत नाही. त्याच्यासमोर येतो तो शुद्धीवर आलेला, हसून बोलणारा, "उगाच आणलंत मला" म्हणणारा माणूस. जे घडले ते घरच्यांनी, शेजाऱ्यांनी किंवा कामाच्या बाईने पाहिलेले असते. म्हणून या विकाराच्या तपासणीचा अर्धा भाग रुग्णालयात होतो आणि अर्धा भाग, डॉक्टर भेटण्यापूर्वीच, घरात होऊन गेलेला असतो. घरचा भाग नीट झाला नाही तर रुग्णालयाचाही भाग अपुरा राहतो.

मूर्च्छा म्हणजे नेमके काय

शुद्ध एकाएकी हरपते, अंगातले बळ जाऊन माणूस कोसळतो, आणि थोड्याच वेळात कोणत्याही उपचारावाचून तो आपोआप पूर्ण भानावर येतो. या तीनही गोष्टी जमल्या तर ती मूर्च्छा. ही आपोआप उतरण्याची खूण आपल्या प्राचीन वैद्यांनीही ओळखली होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चोविसाव्या अध्यायात मद, मूर्च्छा आणि संन्यास असे तीन विकार क्रमाने सांगितले आहेत. त्यांतील मूर्च्छा वेग ओसरला की स्वतःच शमते, संन्यास मात्र औषधावाचून शमत नाही, असा भेद तेथे केला आहे. आजचे वैद्यक निराळ्या भाषेत जवळपास तीच रेघ ओढते. जो रुग्ण आपोआप शुद्धीवर येत नाही त्याचा विचार मूर्च्छा म्हणून करायचाच नाही. त्याची कारणे निराळी आणि घाईही निराळी.

शुद्ध जाते कारण मेंदूचे रक्त तुटते. मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के, परंतु हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे १५ टक्के वाटा एकटा मेंदू घेतो, आणि त्याच्याजवळ साठा असा काही नसतो. हा पुरवठा अवघी ६ ते ८ सेकंद थांबला तरी शुद्ध हरपते. माणूस जमिनीवर आडवा झाला की रक्ताला वर चढावे लागत नाही. मेंदूला ते पुन्हा मिळते आणि डोळे उघडतात. म्हणजे पडणे हाच एका अर्थी निसर्गाचा उपचार होय. परंतु त्या उपचाराने पडण्याचे कारण जात नाही. दिवा पुन्हा लागला म्हणून तार दुरुस्त झाली असे कोणी समजत नाही, तसेच हे.

कारणांचे ढोबळ तीन गट आहेत. पहिला, मज्जातंतूंच्या प्रतिक्षिप्त क्रियेचा. वेदना, भीती, रक्त दिसणे, फार वेळ उभे राहणे, जोराचा खोकला, लघवी करणे या निमित्ताने नाडी मंदावते व रक्तवाहिन्या सैलावतात. दुसरा, उठून उभे राहताच रक्तदाब उतरण्याचा. तिसरा, खुद्द हृदयाचा: ठोके फार मंद किंवा फार जलद होणे, झडप अरुंद होणे, हृदयाचा झटका येणे. तरुणपणीची मूर्च्छा बहुतेक पहिल्या गटातली आणि निरुपद्रवी असते. वय वाढते तसे दुसऱ्या व तिसऱ्या गटाचे प्रमाण वाढते. तिसरा गट जिवावरचा आहे.

म्हातारपणीच का

आपण उठून उभे राहिलो की अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पोटाकडे व पायांकडे उतरते. मानेतील व छातीतील मोठ्या धमन्यांच्या भिंतींत दाब ओळखणारे मज्जातंतू असतात. ते तत्क्षणी हृदयाला वेग वाढवण्याची व रक्तवाहिन्यांना आवळण्याची सूचना देतात. वयपरत्वे ही सूचना उशिरा पोहोचते. शिवाय वृद्धांना तहान कमी लागते आणि मूत्रपिंडे पाणी पूर्वीसारखे राखीत नाहीत.

आता आपल्या घरातले प्रसंग आठवा. निर्जळी एकादशीचा उपवास, पण रक्तदाबाची गोळी मात्र नेमाने घेतलेली. गणपतीपुढे एकामागून एक आरत्या, आणि आजोबा अर्धा तास हात जोडून उभे. लग्नाच्या पंगतीत भरपेट जेवण, आणि हात धुवायला उठताच डोळ्यांपुढे अंधेरी. कारण जेवणानंतर रक्त पोटाकडे वळते. मध्यरात्री गाढ झोपेतून उठून लघवीला जाणे. कडकडीत पाण्याने आंघोळ. देवघरात वाकून नमस्कार करून झटकन उठणे.

यात ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याची भर. मे-जूनमध्ये येथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि दुपारी लू वाहते. १८५८ च्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाईंना याच परिसरात वीरमरण आले. फूलबागेतील त्यांच्या समाधीपाशी दरवर्षी जूनच्या १७-१८ तारखांना मेळा भरतो. ऐन उन्हाळ्यातल्या अशा कार्यक्रमाला श्रद्धेने येऊन तासन्‌तास उभी राहणारी वृद्ध मंडळी आपण पाहतो. त्यांतील एखादी व्यक्ती कोसळली तर "ऊन लागले" असे म्हणून सारे मोकळे होतात. पुष्कळदा ते खरेही असते. तथापि ऊन हा एक सोयीचा आरोपी आहे. तो समोरच उभा असतो, म्हणून दुसऱ्याचा शोध कोणी घेत नाही. ज्या हृदयाची गती आधीच बिघडू लागली आहे ते उन्हाळ्याच्या ताणाने प्रथम उघडे पडते. साठीनंतरच्या मूर्च्छेला ऊन, उपवास किंवा अशक्तपणा हे कारण द्यावयाचे ते हृदयाची तपासणी झाल्यानंतर, आधी नव्हे.

शब्दांचा घोटाळा

आपल्या भाषेत या विकारांना शब्दांची वाण नाही. घर फिरल्यासारखे वाटते ती घेरी किंवा चक्कर. डोळ्यांपुढे अंधेरी येऊन तोल जातो ती भोवळ. क्षणभर शुद्ध जाते ती झीट किंवा मूर्च्छा. हातपाय ताठून झटके येतात ती आकडी. वारंवार येते ते फेफरे. जुनी माणसे हे शब्द नेमके वापरीत. आता आपण सगळ्याला सरसकट चक्कर म्हणतो. आणि ग्वाल्हेरात तर आपले सांगणे हिंदीतून होते. मराठी आजी कॅज्युअल्टीत सांगते, "इन को चक्कर आया." ऐकणाऱ्याला वाटते, डोके गरगरले असेल, कानाचा किंवा मानेच्या मणक्याचा विकार असेल. चक्कर थांबवण्याची गोळी मिळते आणि मंडळी घरी परततात. शुद्ध गेली होती ही एकच महत्त्वाची गोष्ट सांगायची राहून जाते.

"दौरा पड़ा" म्हणतानाही असेच होते. हिंदीत हा शब्द फेफऱ्यालाही चालतो आणि हृदयाच्या झटक्यालाही. म्हणून रोगाचे नाव सांगण्याच्या भरीस पडू नये. पाहिले ते सांगावे. "बेहोश हो गए थे, करीब आधा मिनट, फिर अपने आप होश आया" एवढे एक वाक्य आपल्या घरातील प्रत्येकाला पाठ असावे.

उलट बाजूने, वृद्ध माणूस स्वतः सांगतो तेही जसेच्या तसे धरून चालत नाही. अनेकांना आपण बेशुद्ध झालो होतो हेच आठवत नाही. "काही नाही, पाय घसरला," असे ते प्रामाणिकपणे सांगतात. न्हाणीघरात पडून मांडीचे हाड मोडलेल्या रुग्णाचे हाड बसवले जाते, पण तो घसरला की आधी मूर्च्छित झाला, हे विचारायचे राहते. घसरणारा माणूस सावरण्यासाठी हात पुढे टाकतो. मूर्च्छित माणूस हात न टाकता कोसळतो. म्हणून मनगटाऐवजी चेहऱ्याला, हनुवटीला, कपाळाला मार लागला असेल तर शंका घ्यावी.

दोन आजोबांचे उदाहरण

विषय स्पष्ट व्हावा म्हणून दोन उदाहरणे कल्पू. दोघांचेही वय ७५, दोघेही पडले, दोघेही मिनिटाभरात शुद्धीवर आले.

पहिले आजोबा आरतीला बराच वेळ उभे होते. घाम सुटला, मळमळले, कानांत गुणगुण झाली, "मला बसू द्या" म्हणेपर्यंत ते खाली आले. चेहरा पांढरा पडला होता. प्रोस्टेटसाठी एक गोळी आठवड्यापूर्वीच सुरू झाली आहे. आडवे केल्यावर लगेच बरे वाटले.

दुसरे आजोबा खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचीत होते. कोणतीही पूर्वसूचना नाही. वाक्य अर्धवट राहिले, मान कलली, चष्मा पडला. वीस-पंचवीस सेकंदांनी ते भानावर आले, चेहऱ्यावर लाली आली, आणि "काय झाले?" म्हणून त्यांनी वाचन पुढे चालू केले.

घरच्यांना पहिल्याची भीती वाटते, कारण तेथे घाम, उलटी, धावपळ असे सगळे नाट्य घडते. दुसऱ्याकडे पाहून ते म्हणतात, "डुलकी लागली असेल." डॉक्टरच्या दृष्टीने मात्र दुसऱ्याला त्याच तासाला रुग्णालयात हलवायला हवे. बसल्या किंवा निजल्या जागी, सूचनेवाचून आलेली मूर्च्छा ही हृदय काही क्षण थांबल्याची खूण असू शकते. चालताना, जिना चढताना, म्हणजे श्रम करीत असताना आलेली मूर्च्छाही तितकीच गंभीर. फूलबागेत सकाळी फेरफटका मारणाऱ्याने हा भेद ध्यानात ठेवावा. फेरी संपवून उभे असताना भोवळ येणे निराळे, आणि भर चालीत कोसळणे निराळे. मूर्च्छेपूर्वी छातीत धडधड, छातीत दुखणे, दम लागणे, किंवा जवळच्या नात्यात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू, याही गोष्टी धोक्याच्या बाजूने मोजतात.

याचा अर्थ पहिल्या आजोबांना घरीच ठेवावे असा नाही. त्यांचीही तपासणी त्याच दिवशी व्हावी. फरक आहे तो घाईचा.

पडल्याबरोबर काय करावे

माणूस कोसळला की आपल्याकडे पहिली धडपड असते ती त्याला उचलून खुर्चीत बसवण्याची. ही चूक आहे. ज्या मेंदूला रक्त मिळत नाही म्हणून तो पडला, त्याच मेंदूला आपण पुन्हा उंच करतो. त्याला पाठीवर सपाट निजवावे, पाय थोडे वर धरावे, गळ्याशी कपडे सैल करावे, भोवतालची गर्दी दूर करावी. उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे. पडताना मान किंवा कंबर दुखावल्याचे दिसले तर ओढाताण करू नये.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, साखर, औषध काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. कांदा फोडून किंवा जोडा नाकाशी धरल्याने शुद्ध येत नाही. ती येणारच असते म्हणून येते आणि श्रेय कांद्याला मिळते. जिभेखालची हृदयाची गोळी केवळ संशयाने देऊ नये; तिने दाब आणखी उतरतो. रुग्ण मधुमेही असेल आणि घरी साखर मोजण्याचे यंत्र असेल तर ती तेथेच पाहावी. साखर द्यायची ती पूर्ण शुद्धीवर आल्यावरच.

मिनिटाभरात शुद्ध आली नाही, किंवा श्वास चालत नाही असे दिसले, तर ही मूर्च्छा नव्हे असे समजून १०८ ला फोन करावा आणि श्वास बंद असल्यास छातीच्या मध्यावर जोराने व सतत दाब देण्यास सुरुवात करावी.

कॅज्युअल्टीत काय होते

आपल्या शहरात जयारोग्य रुग्णालय व त्याला जोडलेले, १९४६ साली स्थापन झालेले गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे असो की अन्यत्र, तपासणीचा क्रम साधारण सारखाच असतो. तो ठाऊक असला तर घरच्यांना धीर राहतो.

प्रथम नाडी, रक्तदाब, श्वास, ताप, रक्तातील प्राणवायू व साखर. मग ताबडतोब कार्डिओग्राम. वृद्धाच्या मूर्च्छेत एकच तपासणी करता येण्यासारखी असेल तर ती हीच. स्वस्त, वेदनारहित आणि काही मिनिटांत होणारी. त्यात ठोक्यांची गती, हृदयाच्या कप्प्यांमधील विद्युत्‌मार्गाची अडचण आणि झटक्याच्या खुणा दिसतात. वृद्धांना, विशेषतः मधुमेह्यांना, हृदयाचा झटका छातीत न दुखताही येतो, आणि मूर्च्छा ही त्याची पहिली बातमी असू शकते.

मग इतिहास. डॉक्टर येथे मनाशी तीन प्रश्न घेऊन बसतो. ही मूर्च्छाच होती का? असल्यास कारण काय? आणि कारण कळले नाही तर येत्या काही दिवसांत धोका किती? पहिल्या प्रश्नात मुख्य भेद करायचा तो फेफऱ्याशी. मूर्च्छेतही हातपाय काही सेकंद झटकले जातात, हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि त्यावरून माणसाला उगाच फेफऱ्याची औषधे सुरू होतात. मूर्च्छेत चेहरा पांढरा पडतो, झटके कोसळल्यानंतर येतात व थोडे असतात, भान लवकर व स्वच्छ येते. फेफऱ्यात झटके लांबतात, मान एका बाजूस वळते, चेहरा निळसर होतो, जिभेची कड चावली जाते, आणि नंतर बराच वेळ माणूस गोंधळलेला राहतो. हे कोण सांगणार? पाहणारा. एखाद्याने हातातल्या फोनवर त्या क्षणाचे चित्रण केले असेल तर संकोच न करता डॉक्टरांना दाखवावे.

त्यानंतर शरीराची तपासणी. हृदयाच्या झडपेचा खरखरीत आवाज आहे का. बोलणे, हातापायांची शक्ती ठीक आहे का. पोटरीला एकीकडेच सूज आहे का, कारण फार दिवस अंथरुणाला खिळल्यावर पायात गाठलेले रक्त फुफ्फुसात जाऊन अडकते. पाठीत फाटल्यासारखी कळ आहे का. शौच काळे झाले होते का. गुडघेदुखीवर वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्याच्या जठरातून गुपचूप रक्त जाते आणि तो एके दिवशी कोसळतो. डोके, मान, खुबा, मनगट येथील मारही याच वेळी पाहिला जातो.

आणि एक साधी तपासणी, जी घाईगर्दीत सर्वांत आधी गाळली जाते. रुग्णाला पाच मिनिटे निजवून रक्तदाब घ्यायचा, मग उभे करून एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा घ्यायचा. वरचा आकडा २० किंवा खालचा आकडा १० ने उतरला, अथवा वरचा आकडा ९० च्या खाली गेला, तर उभे राहताच दाब पडतो असे सिद्ध होते. ही राहिली असेल तर घरच्यांनी नम्रपणे विचारावे, "निजून आणि उभे करून दाब पाहिला का?" असे विचारण्याने कोणी डॉक्टर रागावणार नाही.

घरच्यांचा आग्रह मात्र बहुधा दुसऱ्याच गोष्टीचा असतो: "डोक्याचा सीटी काढा." शुद्ध गेली म्हणजे मेंदूचा विकार, ही समजूत स्वाभाविक आहे, पण केवळ मूर्च्छा अशा रूपाने पक्षाघात क्वचितच येतो. डोक्याला मार असेल, रक्त पातळ करण्याचे औषध चालू असेल, बोलणे किंवा हातपाय यांत दोष असेल, डोके फार दुखत असेल तर सीटी हवाच. यांपैकी काही नसताना सीटी निर्दोष आला म्हणून हृदयाचा शोध थांबवणे हे घातक आहे.

औषधांची पिशवी

रुग्णासोबत जाताना कागदपत्रांआधी औषधांची पिशवी उचलावी. डबीत काढून ठेवलेल्या सुट्या गोळ्या नव्हे, वेष्टनासकट सगळी औषधे. कारण वृद्धाच्या मूर्च्छेचा अपराधी पुष्कळदा त्या पिशवीतच सापडतो. रक्तदाबाच्या व लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, प्रोस्टेटसाठी दिली जाणारी टॅमसुलोसिनसारखी औषधे, झोपेच्या व मनाच्या विकारांवरील गोळ्या उभ्याने दाब उतरवतात. मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन नाडी मंद करतात. स्मृतिभ्रंशावरचे डोनेपेझिलही तेच करते. मधुमेहाच्या काही गोळ्या उपाशीपोटी साखर धोकादायक उतरवतात.

काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंब हे औषधच आहे, हे कोणाच्या लक्षात येत नाही. परंतु ते रक्तात शोषले जाऊन नाडी मंद करू शकतात. म्हणून थेंब, पुड्या, काढे, शेजाऱ्याने दिलेली गोळी, सगळे दाखवावे. मात्र मूर्च्छा आली म्हणून घरच्या घरी गोळ्या बंद करू नयेत. तेही तितकेच धोक्याचे. कोणती कमी करायची, कोणती रात्री घ्यायची, हे डॉक्टरच ठरवतील.

हृदय थांबते तेव्हा

डब्लिनचे रॉबर्ट ॲडम्स यांनी १८२७ साली महसूल खात्यातील एका ६८ वर्षांच्या अधिकाऱ्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्याची नाडी मिनिटाला अवघी ३० पडे आणि त्याला वारंवार मूर्च्छा येत. दोष मेंदूचा नसून हृदयाचा असावा, असा तर्क त्यांनी मांडला. त्याच शहरातील विल्यम स्टोक्स यांनी १८४६ साली अशा रुग्णांचा अधिक विस्ताराने विचार केला. हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणारा विद्युत्‌संदेश अडला म्हणजे येणाऱ्या या मूर्च्छेला त्या दोघांचे नाव मिळाले. परंतु नाव मिळाले तरी उपाय नव्हता. रुग्ण पडे, उठे, पुन्हा पडे, आणि एके दिवशी उठत नसे.

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोम येथे शल्यविशारद ओके सेनिंग यांनी, रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने बनवलेले विजेचे लहान यंत्र आर्ने लार्सन नावाच्या ४३ वर्षांच्या रुग्णाच्या शरीरात बसवले. रोज अनेकदा मूर्च्छित होणाऱ्या या माणसाचे पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. पुढे त्याला वीसहून अधिक यंत्रे बदलावी लागली. परंतु लार्सन जगला तो २००१ पर्यंत, वयाची ८६ वर्षे पाहून. उपाय शोधणाऱ्या डॉक्टरच्याही मागे तो जगला, कारण सेनिंग २००० साली वारले.

हेच यंत्र आज पेसमेकर या नावाने आपल्या परिचयाचे आहे. कॉलरच्या हाडाखाली, सामान्यतः जागा बधिर करून, ते बसवले जाते. ७० वर्षे पूर्ण झालेल्या सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेचे वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण २०२४ च्या ऑक्टोबरपासून मिळू लागले आहे. तेव्हा घरातील ज्येष्ठांचे ते कार्ड काढून ठेवावे. ज्या मूर्च्छेत जिवाला सर्वाधिक धोका, तिच्यावरच सर्वांत खात्रीचा उपाय आहे. म्हणून ती चुकवणे परवडत नाही.

अडचण एवढीच, की हृदयाची ही अडखळ सदासर्वकाळ नसते. कार्डिओग्रामच्या कागदावर सुमारे दहा सेकंदांची नोंद येते. त्या दहा सेकंदांत हृदय सरळ चालले तर कागद निर्दोष. म्हणून "ईसीजी नॉर्मल आला" याचा अर्थ "हृदय निर्दोष ठरले" असा होत नाही. शंका उरली तर रुग्णाला पडद्यावर सतत ठोके दिसतील अशा खाटेवर ठेवतात, अथवा होल्टर हे नोंदयंत्र २४ तास किंवा अधिक काळ अंगावर बांधतात. मूर्च्छा महिनोन्‌महिन्यांनी येत असेल तर त्वचेखाली बसवायचे चिमुकले नोंदयंत्रही निघाले आहे. झडपा व हृदयाची ताकद पाहण्यासाठी इकोची तपासणी असते.

घरी की दाखल

कारण निश्चित निरुपद्रवी ठरले, कार्डिओग्राम निर्दोष, हृदयविकाराचा पूर्वेतिहास नाही, मार नाही, उभे केल्यावर रुग्ण नीट चालतो आणि घरी सोबत आहे, अशा वेळी त्याला त्याच दिवशी सोडतात. कार्डिओग्राममध्ये दोष, हृदय कमकुवत, श्रमात किंवा बसल्या जागी आलेली मूर्च्छा, छातीत दुखणे वा दम, दाब सतत कमी, रक्तस्राव, किंवा कारणच न कळणे, अशा वेळी दाखल करणे श्रेयस्कर. "एका रात्रीसाठी कशाला?" असे म्हणून सही करून रुग्णाला घरी नेण्याचा हट्ट येथे धरू नये. धोक्याची मूर्च्छा पुन्हा येते ती पुष्कळदा पहिल्या काही दिवसांतच, आणि ती एक रात्र ठोके पाहण्यासाठीच असते.

एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. कारण निरुपद्रवी असले तरी पडणे निरुपद्रवी नसते. कारणाचा निकाल लागेपर्यंत गाडी चालवू नये, शिडीवर चढू नये, न्हाणीघराला आतून कडी लावू नये. दाब उतरत असेल तर बिछान्यातून उठताना आधी काठावर दोन मिनिटे बसावे, पाय हलवावे, मग उभे राहावे. पाण्याला मनाई नसेल तर पाणी भरपूर प्यावे. रात्री लघवीसाठी बसून जावे.

पाहणाऱ्याने लिहून ठेवायच्या गोष्टी

हा भाग कापून औषधांच्या पिशवीत ठेवावा. मूर्च्छा ज्याने पाहिली त्याने, मग तो शेजारी असो वा दूधवाला, त्याच दिवशी उत्तरे लिहावीत किंवा कोणाकडून लिहून घ्यावीत. दुसऱ्या दिवशी आठवण आपोआप सुधारून घेतलेली असते.

१. तारीख व वेळ. जेवणाआधी की नंतर? उपवास होता का?
२. त्या वेळी निजलेले, बसलेले, उभे की चालत होते? नुकतेच उठले होते का?
३. आधी काय म्हणाले? घाम, मळमळ, अंधेरी, धडधड, छातीत दुखणे, की काहीच नाही?
४. कसे पडले? सावकाश खचले की एकदम कोसळले? हात पुढे टाकला का? डोके आपटले का?
५. चेहऱ्याचा रंग: पांढरा, निळसर की नेहमीसारखा?
६. हातपाय झटकले का? पडण्याआधी की नंतर? किती वेळ?
७. शुद्ध किती वेळ गेली? अंदाज असला तरी चालेल.
८. भानावर आल्यावर लगेच ओळखले का, की गोंधळ होता? बोलणे स्पष्ट होते का?
९. कपड्यांत लघवी झाली का? जीभ चावली का?
१०. पूर्वी असे कधी झाले होते का? गेल्या महिन्यात कोणते औषध नवीन सुरू झाले किंवा वाढवले?

या दहा ओळी भरलेला कागद कॅज्युअल्टीतील तरुण डॉक्टरच्या हाती पडला, तर रात्रीच्या दोन वाजताही त्याचे काम निम्मे होते. आणि ज्या घरी हा कागद भरला जाईल त्या घरातून परगावच्या मुलाला जाणारा फोनही निराळा असेल: "बाबांची सकाळी अर्धा मिनिट शुद्ध गेली होती. बसल्या जागी. आता बरे दिसतात, पण आम्ही त्यांना दवाखान्यात घेऊन निघालो आहोत."